व्होल्ट आणि अँपिअर मोजले, आता ओहम आणि वॅट कसे काढायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटार भरायला आलेले शेतकरी, गिझरची कॉइल बदलायला आलेल्या ताई, इन्व्हर्टर लवकर बंद पडतो म्हणून वैतागलेले दुकानदार आणि आयटीआयची पोरं, हे सगळे मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. सूत्रं दोनच आहेत आणि पाचवीतल्या मुलालाही जमतील इतकी सोपी आहेत. ती कुठे लागू पडतात आणि कुठे चकवतात, हे कळायला मात्र वेळ लागतो, म्हणून जास्त जागा त्यालाच दिली आहे.

व्होल्ट आणि अँपिअर माहीत आहेत. ओहम आणि वॅट कसे काढू?

व्होल्टला अँपिअरने भागा, ओहम मिळतात. व्होल्टला अँपिअरने गुणा, वॅट मिळतात.

इस्त्री घ्या. प्लगवर २३० व्होल्ट आहेत आणि इस्त्री ४.३५ अँपिअर ओढते. २३० ÷ ४.३५ म्हणजे जवळपास ५३ ओहम. २३० × ४.३५ म्हणजे १००० वॅट. मीटर मिलिअँपिअरमध्ये आकडा दाखवत असेल तर आधी त्याला १००० ने भागून अँपिअर करून घ्या. गणित चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं.

शाळेत विभवांतर, विद्युतधारा, रोध असे शब्द होते. ते हेच का?

हो. विभवांतर व्होल्टमध्ये, विद्युतधारा अँपिअरमध्ये, रोध ओहममध्ये आणि विद्युतशक्ती वॅटमध्ये मोजतात. दुकानात आम्ही पहिल्याला व्होल्टेज म्हणतो, दुसऱ्याला करंट आणि चौथ्याला नुसतं वॅट.

सूत्रं दोनच, तर पुस्तकात वॅटची तीन सूत्रं का दिलेली असतात? आणि ओहम वाढला की वॅट वाढतात की कमी होतात?

मला आवडणारा प्रश्न आहे हा, कारण यावर भलेभले अडतात.

वॅट = व्होल्ट × अँपिअर हे मूळ. त्यात अँपिअरच्या जागी व्होल्ट ÷ ओहम घातलं की व्होल्ट × व्होल्ट ÷ ओहम मिळतं. व्होल्टच्या जागी अँपिअर × ओहम घातलं की अँपिअर × अँपिअर × ओहम मिळतं. आता पहिल्यात ओहम खाली आहे, म्हणजे ओहम वाढला की वॅट कमी. दुसऱ्यात ओहम वर आहे, म्हणजे ओहम वाढला की वॅट जास्त. मग खरं काय?

दोन्ही खरं आहे. काय स्थिर आहे ते पाहायचं. गिझर, इस्त्री, शेगडी या वस्तू सरळ २३० व्होल्टवर बसतात. तिथे व्होल्ट ठरलेले असतात, म्हणून कमी ओहमची कॉइल जास्त तापते. वायर, जोड, फ्यूज, स्विचचा पॉइंट यांच्यातून मात्र दुसऱ्याचा करंट जातो. तो करंट किती हे पुढची वस्तू ठरवते, जोड ठरवत नाही. तिथे अँपिअर ठरलेले असतात, म्हणून जास्त ओहमचा जोड जास्त तापतो. गिझरच्या दोन हजार वॅटची कॉइल पाण्यात व्यवस्थित बसलेली असते आणि त्याच्याच प्लगमधली सैल पिन काळी पडते, ती याच कारणाने. तारेत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे जूल या शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास दाखवलं. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, हे मनात पक्कं ठेवा, पुढे सारखं लागणार आहे.

माझ्या इस्त्रीवर १००० वॅट छापलंय. मोजले तर ८०० च्या आत येतात. कंपनीने फसवलं का?

आधी प्लगवरचे व्होल्ट मोजा. मला खात्री आहे की २३० पेक्षा बरेच कमी निघतील.

१००० वॅट हा आकडा इस्त्रीचा एकटीचा नसतो. पाटीवर त्याच्या शेजारी २३० व्होल्ट लिहिलेलं असतं, ते बहुतेक लोक वाचत नाहीत. इस्त्रीत कायमचे बसलेले असतात ते ५३ ओहम. त्यावर २३० व्होल्ट पडले तर १००० वॅट होतात. तुमच्याकडे २०५ असतील तर २०५ × २०५ ÷ ५३, म्हणजे ७९३ वॅट. १८० असतील तर ६११. व्होल्ट दहा-अकरा टक्के कमी झाले की वॅट वीस टक्के जातात, कारण व्होल्ट दोनदा गुणले जातात.

म्हणून कॉइलच्या वस्तूंसाठी माझी पद्धत अशी: पाटीवरून आधी ओहम काढायचे आणि तेच लक्षात ठेवायचे. २३० × २३० = ५२,९००. याला छापील वॅटने भागलं की झालं. २००० वॅटच्या गिझरला २६.४५ ओहम, १००० वॅटच्या इस्त्रीला ५२.९. इस्त्रीच्या आणि गिझरच्या कॉइलची तार नायक्रोमची असते आणि तिचा रोध गरम झाल्यावर थोडाच वाढतो. त्यामुळे वस्तू प्लगमधून काढून, मल्टिमीटरने पिनांवर ओहम मोजले तरी आकडा जवळपास जुळतो. २६ च्या जागी काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली असेल किंवा थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा स्विच) नाहीतर थर्मल कटआउट (फार तापल्यावर वीज तोडणारा) उघडा असेल. निदान निम्मं तिथेच होतं.

म्हणजे व्होल्टेज कमी असलं तर लाईट बिल कमी येतं?

गिझरच्या बाबतीत येत नाही. हिशोब करून बघा.

पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायचं आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण ४,१८६ जूल लागतात (जूल हे ऊर्जेचं माप). १५ × ३५ × ४,१८६ म्हणजे सुमारे २२ लाख जूल. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक जूल. २३० व्होल्टवर गिझर २००० वॅट देतो, म्हणून सुमारे १,१०० सेकंद, म्हणजे १८ मिनिटं लागतात. १८० व्होल्टवर तोच गिझर १,२२५ वॅटचा होतो आणि ३० मिनिटं घेतो. पाणी तेवढंच, जूल तेवढेच, युनिटही तेवढेच. एक युनिट म्हणजे १००० वॅट एक तास, म्हणजेच ३६ लाख जूल. दोन्ही वेळेला ०.६ युनिट जळतं. उलट जास्त वेळ टाकी गरम राहिल्याने थोडी उष्णता बाहेर निसटते, म्हणून कमी व्होल्टेजला केसभर जास्तच.

मग कमी व्होल्टेजने मोटार का जळते? वॅट कमी झाले तर ती थंड राहायला हवी ना?

हा प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा जळालेली मोटार घेऊन आलेला असतो. लोखंडी कव्हर उघडलं की वार्निशचा करपलेला वास येतो आणि तांब्याच्या तारा काळ्या दिसतात. आणि तो सांगतो, "व्होल्टेज तर कमीच होतं हो."

मोटार म्हणजे कॉइलची शेगडी नव्हे. विहिरीतून पाणी वर ढकलायचं काम तिच्या मागे लागलेलं असतं आणि व्होल्ट कमी झाले तरी ते काम फारसं कमी होत नाही. वॅट तेवढेच हवेत आणि व्होल्ट कमी, तर अँपिअर वाढणारच.

५ एचपीची थ्री-फेज मोटार घ्या. शाफ्टवर ३.७ किलोवॅट देते आणि लाइनमधून साधारण ४.६ किलोवॅट घेते. थ्री-फेजचा हिशोब असा: वॅट ÷ (१.७३२ × व्होल्ट × पॉवर फॅक्टर). पॉवर फॅक्टर म्हणजे काय ते खाली फ्रिजच्या प्रश्नात आहे. पॉवर फॅक्टर ०.८५ धरला तर ४१५ व्होल्टवर सुमारे ७.५ अँपिअर येतात. कोणत्याही दोन फेजच्या मधे ३५० व्होल्टच मिळत असतील तर जवळपास ८.९. अँपिअर १९ टक्के वाढले असं वाटतं, पण वाइंडिंगमधली, म्हणजे आतल्या तांब्याच्या गुंडाळीतली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. १.१९ × १.१९ म्हणजे ४१ टक्के जास्त. रात्रीच्या पाळीत आठ तास सलग चालणाऱ्या मोटारीला हे सोसत नाही. एक फेज गेला तर आणखी वाईट. उरलेल्या दोन वायरींमधून जवळपास पावणेदोन पट करंट जातो आणि त्या वाइंडिंगमध्ये उष्णता तिपटीच्या घरात पोचते.

स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटार बंद (ट्रिप) करणारा भाग, यासाठीच असतो. मोटार सारखी ट्रिप होते म्हणून त्याची चकती फिरवून आकडा वर नेऊन ठेवलेले स्टार्टर मी रोज पाहतो. रिले मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरवर सेट करा. तो ट्रिप होत असेल तर तिन्ही फेजचे व्होल्ट आणि तिन्ही वायरींचे अँपिअर लिहून काढा. कारण त्या सहा आकड्यांत सापडतं.

मोटारीच्या वाइंडिंगचे ओहम मोजले तर फक्त ४ आले. २३० ÷ ४ म्हणजे ५७ अँपिअर. पण ती तर ७ च ओढते?

फिरणारी मोटार स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते, आणि ते लाइनच्या व्होल्टेजला अडवतं. मल्टिमीटरने मोजलेले ४ ओहम हे नुसत्या तांब्याचे आहेत. शाफ्ट अडकला की हे उलटं व्होल्टेज नाहीसं होतं आणि करंट पाच ते सात पट उसळतो. सुरू होताना क्षणभर हेच होतं.

१०० वॅटच्या जुन्या बल्बचा रोध मोजला तर ४० ओहमच्या आसपास आला. सूत्राने तर ५२९ यायला हवा.

सूत्र बरोबर आहे, तुमचा मीटरही बरोबर आहे. तुम्ही थंड बल्ब मोजला. टंगस्टनची तार पेटलेली असताना अडीच हजार अंशांच्या घरात असते आणि तिचा रोध थंडपणीच्या दहा ते पंधरा पट होतो. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी म्हणूनच कित्येक पट करंट जातो, आणि जुने बल्ब बहुतेक वेळा लावतानाच उडायचे.

फ्रिजचा व्होल्ट × अँपिअर गुणाकार २३० येतो, पण बिलात एवढं दिसत नाही.

कॉम्प्रेसर, पंखा, ट्यूबलाइटचा जुना चोक यांच्यात करंट व्होल्टेजच्या मागे पडतो. दोघांचा साधा गुणाकार केला तर व्होल्ट-अँपिअर मिळतात, वॅट मिळत नाहीत. त्याला पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. २३० व्होल्ट, १ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.६५ असेल तर खरे वॅट १५०. इस्त्री, गिझर, शेगडी यांचा पॉवर फॅक्टर १ असतो, म्हणून वरचे सगळे हिशोब तिथे सरळ बसले. वायर आणि एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) निवडताना मात्र पॉवर फॅक्टर काहीही असो, अँपिअरच बघायचे. वायर अँपिअरने तापते.

अँपिअर मोजायचे कसे? क्लॅम्प मीटर वायरवर लावला तर शून्य दाखवतो.

क्लॅम्प मीटर वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजतो. तुम्ही दोन्ही वायरी एकत्र क्लॅम्पमध्ये घेतल्यात. एकीतून करंट जातो, दुसरीतून परत येतो आणि दोघांचा परिणाम एकमेकांना मारतो. फक्त फेजची वायर घ्या. मी एक जुनी एक्स्टेन्शन कॉर्ड घेऊन तिचं वरचं आवरण वीतभर सोललं आहे, आतल्या वायरींचं इन्सुलेशन तसंच ठेवून. त्यातली लाल वायर क्लॅम्पमध्ये घातली की कोणतीही वस्तू मोजता येते. करंट अगदीच थोडा असेल तर वायरचे दहा वेढे क्लॅम्पमधून काढा आणि आलेल्या आकड्याला दहाने भागा.

माझ्याकडे क्लॅम्प मीटर नाही. घरच्या लाईटच्या मीटरवरून वॅट कळतील?

कळतील, आणि चांगले कळतील. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं. पुष्कळ मीटरवर ३,२०० असतं, तुमच्यावर वेगळं असू शकेल, ते बघून घ्या. घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त इस्त्री चालू ठेवा आणि एक मिनिट मोजा. पूर्ण १००० वॅट असतील तर मिनिटाला ५३ लुकलुकी येतील. ४२ आल्या तर ७९० वॅट. सूत्र: मिनिटातल्या लुकलुकी × ६० × १००० ÷ मीटरवर छापलेला आकडा. थर्मोस्टॅटने मध्येच इस्त्री बंद केली तर पुन्हा मोजा. या मोजणीत पॉवर फॅक्टरची भानगडही नाही, कारण हा मीटर खरे वॅटच धरतो. फ्रिजसाठी म्हणूनच हीच पद्धत वापरा.

हिशोबात वायरचा रोध धरायचा का?

घरातल्या घरात सोडून दिला तरी चालतो. गोठ्यापर्यंत किंवा विहिरीपर्यंत वायर ओढली असेल तर धरलाच पाहिजे.

अडीच एमएम तांब्याच्या वायरला किलोमीटरमागे साधारण ८ ओहम रोध असतो. घरापासून गोठा १०० मीटर, पण करंट जातो आणि परतही येतो, म्हणून २०० मीटर, म्हणजे १.६ ओहम. २ एचपीची सिंगल-फेज कडबाकुट्टी १० अँपिअर ओढत असेल तर १६ व्होल्ट वाटेतच गेले आणि १० × १० × १.६, म्हणजे १६० वॅट वायर तापवण्यात. एवढ्यानेही ती चालते. अडचण सुरू होताना आहे. त्या क्षणी ती ४० अँपिअर मागते आणि ६४ व्होल्ट वायरच खाते. मग मोटार नुसती घुमते, उचलत नाही, आणि लोक कपॅसिटर बदलत बसतात. सहा एमएमला रोध किलोमीटरमागे ३.३ ओहमच्या आसपास आहे. तिथे तीच घट २६ व्होल्टवर येते आणि कडबाकुट्टी पहिल्या झटक्याला फिरते.

इन्व्हर्टरची बॅटरी नवीन आहे, तरी पंखे लावले की बंद पडतो. बॅटरीचं टर्मिनल हाताला गरम लागतं.

हे उदाहरण सावकाश वाचा, कारण व्होल्टला अँपिअरने भागण्याचा खरा उपयोग इथे दिसतो.

१२ व्होल्टची बॅटरी आणि ४०० वॅटचा लोड. इन्व्हर्टरमधलं नुकसान धरून बॅटरीकडून जवळपास ४० अँपिअर जातात. घरातल्या गिझरलाही एवढे लागत नाहीत. आता टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर चढलाय आणि नट थोडा सैल आहे. लोड चालू ठेवून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा, दुसरं त्याच खुंटावर कसलेल्या वायरच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर). दोन्ही टोकं अर्ध्या इंचाच्या अंतरात आहेत, म्हणजे शून्य यायला हवं. मी एकदा असं मोजलं तर २ व्होल्ट आले. २ ÷ ४० म्हणजे ०.०५ ओहम. एवढासा रोध, पण ४० × ४० × ०.०५ म्हणजे ८० वॅट त्या नटात. मोठं सोल्डरिंग आयर्न तिथे टेकवून ठेवल्यासारखं आहे ते. वर बॅटरीच्या बारामधले दोन व्होल्ट गेले, म्हणून इन्व्हर्टरला बॅटरी संपली असं वाटतं आणि तो बंद पडतो.

इन्व्हर्टर बंद करा, टर्मिनल सोडवा, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पॉलिश पेपरने घासा, कोरडं करून घट्ट कसा आणि वरून व्हॅसलीन लावा. त्या दिवशी कसल्यावर पुन्हा मोजलं तर ०.०२ व्होल्ट आले, म्हणजे एक वॅटही नाही.

हे ०.०५ ओहम मल्टिमीटरच्या ओहमच्या रेंजवर दिसले नसते. त्याच्या स्वतःच्या लीडचाच रोध त्यापेक्षा जास्त असतो. लहान रोध नेहमी करंट चालू ठेवून, व्होल्ट मोजून, भागाकारानेच काढायचा.

ओहमने स्वतः हे कसं मोजलं?

गेऑर्ग सिमोन ओहम जर्मनीत कोलोनच्या शाळेत शिक्षक होते. सुरुवातीला त्यांनी व्होल्टाच्या पद्धतीची बॅटरी वापरली, पण लोड पडला की तिचं व्होल्टेज हलायचं आणि आकडे जुळेनात. मग १८२६ मध्ये त्यांनी बिस्मथ आणि तांब्याचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि एक बर्फात ठेवलं. त्यातून अगदी थोडं पण स्थिर व्होल्टेज मिळालं. करंट मोजायला तारेवर टांगलेली चुंबकसुई होती. नियम १८२७ च्या त्यांच्या पुस्तकात आला. आपण मोजतानाही लोडवर व्होल्ट पुन्हा बघायचे ते याचसाठी. रिकामे असताना घेतलेले २३० आणि गिझर लावल्यावरचे २१० यांतले २१० च सूत्रात घालायचे.

एमसीबी आहे, म्हणजे शॉक बसला तर तो पडेल ना?

नाही. ओल्या हातापायांनी माणसाच्या शरीराचा रोध १००० ओहमपर्यंत खाली येतो. २३० ÷ १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. जीव घ्यायला त्याच्या निम्माही पुरतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा करंट जाणवतही नाही, एक बल्ब लागल्यासारखं वाटतं त्याला. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, जो गेलेला आणि परत आलेला करंट यांतला फरक बघतो. गिझर आणि वॉशिंग मशीन ज्या घरात आहे तिथे तो बसवाच, आणि महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का ते पाहा.

मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून प्लगमध्ये टोकं घातली तर किती करंट आहे ते कळेल?

असं कधीही करू नका. प्लगमध्ये करंट "असत" नाही, व्होल्टेज असतं. करंट वस्तू लावल्यावर वाहतो. अँपिअरवर ठेवलेल्या मल्टिमीटरचा रोध मुद्दाम जवळपास शून्य ठेवलेला असतो, समजा ०.१ ओहम. २३० ÷ ०.१ म्हणजे २,३०० अँपिअर. एवढा करंट घरची वायर देऊ शकत नाही, पण द्यायचा प्रयत्न करते आणि तेवढ्यात टोकाशी ठिणगीचा गोळा होतो. शिकाऊ असताना माझ्या हातून हे झालं आहे. लीडचं पितळी टोक वितळून बोथट झालं, बोटांवर काळं पडलं, आणि मीटरमधला काचेचा फ्यूज वाचवून गेला. अँपिअर मोजायचे तर मीटर वाटेत, म्हणजे वस्तूच्या सिरीजमध्ये लावायचा. मोजून झालं की लाल लीड लगेच व्होल्टच्या भोकात परत घालायची. आतला फ्यूज उडाला तर त्याच रेटिंगचा आणायचा, तिथे तांब्याची तार गुंडाळायची नाही.